तीन गुण आणि उजव्या पायाचं दुसरं बोट

वय ६१. टाइप २ मधुमेह १७ वर्षांपासून, गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, ८.४ टक्के. मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं, पण डायलिसिसपासून बरंच लांब. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. तिच्या आधीच्या तपासण्यांत "एकदा पायही दाखवून घ्या" असं कुणीतरी सांगितलं, म्हणून हे गृहस्थ पायांच्या बाह्यरुग्ण विभागात आले. फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "काही नाही. पाय ठणठणीत."

हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. अशा रुग्णांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी इथे एका माणसात आणल्या आहेत, त्यामुळे कुणी ओळखीचं शोधू नये. ज्या नियमांचे आणि अभ्यासांचे आकडे पुढे येतील ते मात्र प्रत्यक्षातले आहेत.

प्रश्न असा होता: येत्या दोन वर्षांत यांच्या पायाला जखम होण्याची शक्यता किती, आणि ती कळल्यावर आज काय करायचं? मधुमेह असलेल्यांपैकी साधारण १९ ते ३४ टक्के जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाला व्रण होतो, असा २०१७ च्या एका आढाव्यातला अंदाज आहे. मधुमेहात पाय किंवा पायाचं बोट कापण्याची वेळ येते तेव्हा बहुतेकदा त्याची सुरुवात अशाच एखाद्या न भरलेल्या जखमेपासून झालेली असते. त्यामुळे जखम होण्याआधी माणूस हेरणं हे कामाचं आहेच. पण हेरण्याचे जे नियम आहेत ते नेमकं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे या एका पायावर फार चांगलं दिसलं.

एका गुणापासून तीन गुणांपर्यंत

आम्ही वापरला तो पोडस या संशोधक गटाचा नियम. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णगटांची माहिती एकत्र करून तो बांधला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची गंमत म्हणजे तो अगदी आटोपशीर आहे. तीनच गोष्टी विचारतो. मोनोफिलामेंटचा, म्हणजे नायलॉनच्या बारीक तारेचा, स्पर्श कळत नसेल तर एक गुण. पावलातली एखादी नाडी लागत नसेल तर एक गुण. पूर्वी पायाला व्रण झाला असेल किंवा पायाचा काही भाग कापावा लागला असेल तर दोन गुण. बेरीज शून्य ते चार. दोन वर्षांत व्रण होण्याची शक्यता शून्य गुणाला २.४ टक्के, एकाला ६, दोनाला १४, तीनाला २९.२ आणि चाराला ५१.१ टक्के. साखर किती, मधुमेह किती वर्षांचा, वय काय, यातलं काहीही त्यात नाही. हे घटक बिनमहत्त्वाचे आहेत असं नव्हे. या तीन गोष्टी कळल्यावर त्यांनी अंदाजात फारशी भर पडत नाही, इतकंच.

सुरुवातीच्या फॉर्मवर या गृहस्थांचा गुण आला एक. मोनोफिलामेंट कळत नाही, नाड्या ठीक, पूर्वी जखम नाही. म्हणजे सहा टक्के. वर्षातून एकदोनदा या, पायांची काळजी घ्या, असं सांगून मोकळं होण्यासारखा आकडा.

मोनोफिलामेंटची तपासणी पाहताना सोपी वाटते. नायलॉनची एक तार. कातडीवर टेकवून दाबली की १० ग्रॅम जोराला वाकते, त्यामुळे दर वेळी दाब तेवढाच पडतो. अंगठ्याचा तळ, अंगठ्यामागचं चवड्याचं हाड आणि करंगळीमागचं चवड्याचं हाड, अशा तीन जागा. घट्ट्यावर टेकवायची नाही, शेजारच्या मऊ कातडीवर टेकवायची. आधी हातावर टेकवून दाखवायचं, म्हणजे कशाची वाट पाहायची ते रुग्णाला कळतं. मग डोळे मिटायला सांगून "लागलं का?" विचारायचं. या गृहस्थांचं उत्तर दर वेळी "हो" येत होतं. शांतपणे, ठरावीक अंतराने, "हो." तारेचा स्पर्श न करता नुसतं विचारलं तेव्हाही "हो." मुद्दाम खोटं बोलणं नव्हतं ते. प्रश्नाच्या तालावर उत्तर येत होतं, आणि तपासणीत नापास व्हायचं नाही ही आपली जुनी सवय. म्हणूनच प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यातला एक प्रश्न खोटा ठेवायचा, आणि ताल मोडायचा. ताल मोडल्यावर उजव्या पायाच्या तिन्ही जागा आणि डाव्या पायाच्या दोन जागा बधिर निघाल्या. तारेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सर्रास दुर्लक्षिली जाते: तारही थकते. लागोपाठ दहाएक रुग्ण तपासल्यावर तिला दिवसभर विश्रांती द्यावी लागते. नाहीतर ती कमी जोराला वाकू लागते आणि ज्याला संवेदना आहे तोही बधिर ठरतो.

त्यांना पाय बधिर झाल्याचं माहीत नव्हतं असंही नाही. "गादीवर चालल्यासारखं वाटतं कधी कधी," ते म्हणाले, "पण दुखत तर काहीच नाही." न दुखणं ही त्यांच्या दृष्टीने चांगली बातमी होती.

दुसरा रकाना, पूर्वीची जखम. फॉर्मवर "नाही" अशी खूण. उजव्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी एक फिकट, तुकतुकीत, रेषा नसलेली जागा होती. शेजारच्या कातडीवरच्या बारीक रेषा तिथे येऊन थांबत होत्या. त्यावर बोट ठेवून विचारलं.

"हे काय झालं होतं?"

"ते होय? तिथे एक फोड आला होता मागे. नव्या बुटाने."

"जखम झाली होती का?"

"जखम कसली? फोड. फुटला, मग ड्रेसिंग चालू होतं."

"किती दिवस?"

ते पत्नीकडे बघायला लागले. "अडीच महिने," त्या म्हणाल्या. "आणि दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. यांना काहीच आठवत नाही."

अडीच महिने न भरलेला, दोनदा अँटिबायोटिक लागलेला फोड म्हणजे व्रणच. लोक त्याला जखम म्हणत नाहीत, कारण जखम म्हणजे रक्त आणि दुखणं अशी त्यांची कल्पना असते, आणि इथे दोन्ही नव्हतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. या एका उत्तराने गुण एकावरून तीनावर गेला आणि शक्यता सहा टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर. कातडी, नसा, रक्तवाहिन्या होत्या तशाच होत्या. फक्त प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला गेला. जोखमीच्या नियमांवर चर्चा होते तेव्हा सांख्यिकीवर बरंच बोललं जातं. माझं मत असं की प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चुका या रकान्यात होतात. "पायाला कधी जखम झाली होती का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. "पायाला कधी आठवड्यापेक्षा जास्त ड्रेसिंग करावं लागलं होतं का?" हा विचारावा, घरच्या माणसालाही विचारावा, आणि तरीही तळवा स्वतः पाहावा.

२९ की ५१

तिसरा रकाना नाड्यांचा. प्रत्येक पावलावर दोन ठिकाणी बोटं ठेवायची: पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे. डाव्या पायात दोन्ही स्पष्ट. उजव्या पायात घोट्यामागची चांगली लागत होती. वरची एका तपासनिसाला लागली, दुसऱ्याला नाही. थंड पाय, थोडी सूज, आणि स्वतःच्याच बोटातली नाडी रुग्णाची समजण्याची जुनी चूक. हा रकाना असाच असतो. पावलावरची ही नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही.

लागली धरली तर तीन गुण, २९ टक्के. नाही धरली तर चार, ५१ टक्के. एवढा मोठा फरक दोन बोटांच्या टोकांवर अवलंबून.

इथे डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणारं यंत्र, लावून सोक्षमोक्ष करावासा वाटतो, आणि लावलाही. पण तो नियमासाठी लावला नाही, हे लक्षात घ्यायला हवं. नियम बनला तो हाताने तपासलेल्या नाड्यांवर. त्यातल्या एका आकड्याच्या जागी दुसऱ्या यंत्राचा निकाल घातला तर बेरीज अधिक अचूक होईलच असं नाही. तो मग वेगळाच नियम होतो, ज्याची पडताळणी कुणी केलेली नाही. शिवाय आजच्या निर्णयासाठी २९ आणि ५१ मध्ये फरक पडतच नव्हता. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची, आयडब्ल्यूजीडीएफची, वर्गवारी घेतली तर संवेदना गेलेली आणि पूर्वी व्रण झालेला माणूस थेट सर्वांत वरच्या, तिसऱ्या वर्गात जातो. नाडी लागो न लागो. त्या वर्गाला दर एक ते तीन महिन्यांनी पाय तपासायचे. शून्य वर्गाला वर्षातून एकदा, पहिल्याला सहा ते बारा महिन्यांनी, दुसऱ्याला तीन ते सहा महिन्यांनी. म्हणजे टक्केवारीवर वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढची तारीख लिहिलेली बरी.

रक्तपुरवठ्याची शंका मात्र तशीच सोडता येत नव्हती; त्याचं कारण पुढे येईल. घोट्याचा दाब १९६, दंडाचा १४२. गुणोत्तर १.३८. निष्काळजीपणे वाचलं तर "०.९ पेक्षा जास्त, म्हणजे उत्तम" असं वाटतं. पण १.३ च्या वर गेलेलं गुणोत्तर चांगला रक्तपुरवठा दाखवत नाही. रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती इतकी कडक झाली आहे की पट्ट्याच्या दाबाने दबतच नाही, असा त्याचा अर्थ. मधुमेहात हे नेहमीचं आहे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा, कारण तिथल्या बारीक रोहिण्यांत हा प्रकार सहसा कमी असतो. उजव्या अंगठ्याचा दाब १०४, गुणोत्तर ०.७३. सीमारेषा ०.७० ची. रेषेच्या जरा वर, पण वर. डॉप्लरवरच्या लहरीही दोन टप्प्यांच्या. मोठा अडथळा असण्याची शक्यता कमी.

"म्हणजे मला होणार का नाही, ते सांगा," गृहस्थांनी विचारलं. त्यांना टक्केवारीत रस नव्हता, आणि ते बरोबरच होतं. त्यांना सांगितलं ते असं: तुमच्यासारखे शंभर जण घेतले तर दोन वर्षांत साधारण तीस जणांना पुन्हा जखम होते, सत्तर जणांना होत नाही. तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते या हिशेबाला माहीत नाही. ते तुमच्या पायाला विचारावं लागेल.

हिशेबात नसलेलं बोट

उजव्या पायाचं दुसरं बोट मधल्या सांध्यात वर उचललेलं आणि टोकाला खाली वाकलेलं होतं. पक्ष्याच्या नखीसारखं. टोकावर, नखाच्या अगदी खाली, पिवळसर जाड घट्टा. त्या घट्ट्यात मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळपट लाल ठिपका. मळ समजून पुसावा असा. तो पुसून गेला नाही.

घट्ट्याच्या आत साकळलेलं रक्त होतं ते. वरून कातडी अखंड दिसते, आत ऊती चिरडली जात असते. पूर्वी व्रण झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत पुन्हा व्रण होण्याच्या सर्वांत ठळक पूर्वखुणांत अशी किरकोळ इजा येते: घट्ट्यातलं रक्त, फोड, खरचटणं. आणि तिला पोडसच्या बेरजेत एकही गुण नाही. बोट वाकडं आहे, यालाही नाही.

बोट असं का वाकतं? मधुमेहात फक्त स्पर्शाच्या नसा जात नाहीत, स्नायूंना हुकूम देणाऱ्याही जातात. पावलातले छोटे स्नायू सुकतात. पोटरीतून येणारे लांब स्नायू शाबूत असतात, ते एकतर्फी ओढत राहतात आणि बोटं आखडतात. घाम आणणाऱ्या नसाही जातात, मग कातडी कोरडी पडते, तडकते. बोट आखडलं की जे टोक जमिनीला नुसतं शिवायचं त्याच्यावर प्रत्येक पावलाला भार येतो. कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, आणि तो जाड घट्टा बुटात अडकलेल्या खड्यासारखा आणखी टोचतो. टोचलं तर माणूस लंगडतो, बूट काढतो, बोट झटकतो. इथे टोचलेलं कळतच नव्हतं.

पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला आणि पुढे अमेरिकेत कार्व्हिलला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करताना हेच दाखवून दिलं होतं. पाय रोगाने आपोआप सडत नाहीत. एरवी निरुपद्रवी असलेला दाब त्याच जागी हजारो वेळा पडतो, आणि थांब म्हणणारी वेदना नसते. मधुमेहाच्या पायाची आजची बरीचशी समज त्या कामातून आली आहे.

मग बूट मागवले. आत हात घालून पाहणं ही तपासणी कुठल्याच यंत्राने होत नाही. उजव्या बुटात पुढच्या टोकाशी, आतल्या तळव्यावर, दुसऱ्या बोटाच्या जागी बोटाचं पेर मावेल असा खळगा पडला होता. बूट एक माप लहान. विचारल्यावर म्हणाले, "मोठे घेतले की निसटल्यासारखे वाटतात." बधिर पायाला सैल बूट पायात आहे हेच कळत नाही, घट्ट असला तरच तो जाणवतो, म्हणून असे रुग्ण स्वतःहून लहान माप निवडतात. दुकानात फिरून पाहून घेतलेला बूट आहे, आणि तोच घात करतो.

इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पायांच्या सारख्या जागा मोजल्या. बाकी सगळीकडे फरक अर्ध्या अंशाच्या आत. दुसऱ्या बोटाच्या टोकाला उजवीकडे ३०.९, डावीकडे २८.१ अंश सेल्सियस. फरक २.८. सर्वसाधारण मर्यादा २.२ अंशांची, आणि तीही लागोपाठ दोन दिवस आली तर. एका दिवसाच्या मोजणीवर, त्यातही बोटाच्या टोकाच्या लहरी तापमानावर, एरवी मी फार भरवसा ठेवला नसता. पण वाकडं बोट, रक्ताचा ठिपका, बुटातला खळगा आणि गरम टोक ही चारही एकाच ठिकाणी बोट दाखवत असतील तर आणखी पुरावा कशाला हवा?

आता नियमाकडे परत पाहू. तीन गुणांनी काम केलं होतं: या माणसाला नीट बघा, वारंवार बघा, हे सांगितलं. कुठे जखम होईल, कशाने होईल, हे त्याला माहीत नव्हतं आणि ते त्याचं कामही नव्हतं. घोटाळा होतो तो या दोन गोष्टींची गल्लत केली की. अंदाज ज्यावरून बांधला जातो ते कारण असेलच असं नाही. सिॲटलच्या अभ्यासातून २००६ मध्ये आलेला नियम पाहा. त्यात सात घटक आहेत: एचबीए१सी, अधू दृष्टी, पूर्वीचा व्रण, पूर्वी कापलेला भाग, मोनोफिलामेंट, नखांची बुरशी आणि पायाची बुरशी. नखांच्या बुरशीने धोका वाढतो. पायाच्या कातडीच्या बुरशीने मात्र त्या गणितात धोका कमी होतो, गुणक ०.७३. म्हणून कुणी पायाला बुरशी लावून घ्यावी का? अर्थातच नाही. ज्यांना बुरशी असते त्यांचे पाय घामट, ओलसर असतात, म्हणजे घाम आणणाऱ्या नसा अजून जिवंत असाव्यात, असा एक अंदाज लावता येतो. गणिताला खुणा लागतात, कारणं नाही. त्याच नियमात अधू दृष्टीचा गुणक १.४८ आहे, आणि आमच्या गृहस्थांचा मोतीबिंदू निघणार होता. स्वतःचे पाय स्वतःला दिसणं ही काही लहान गोष्ट नाही.

काय केलं

घट्टा तासला. खाली कातडी अखंड निघाली, वाळलेल्या रक्ताचा पातळ थर तेवढा होता. याआधीच्या मोजण्यांत असं आढळलं आहे की नुसता घट्टा काढल्याने त्या जागेवरचा दाब चतुर्थांशाने ते तिसऱ्या हिश्शाने उतरतो. पण काही आठवड्यांत तो परत येतो, कारण कारण जागेवरच असतं.

बोट हाताने सरळ करून पाहिलं तर होत होतं. सांधा अजून घट्ट झालेला नव्हता. म्हणजे बोट खाली ओढणारी कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सुईने सोडवणं, ज्याला फ्लेक्सर टेनॉटॉमी म्हणतात, शक्य होतं. बाह्यरुग्ण विभागातच, थोड्याशा भुलीवर होणारं काम. टाकाही सहसा लागत नाही. टोकाला घट्टा किंवा इजा असलेल्या, पण सरळ होणाऱ्या नखीसारख्या बोटासाठी आयडब्ल्यूजीडीएफच्या मार्गदर्शनातही ते सुचवलेलं आहे. मात्र ज्या पायाला रक्त पोचत नाही त्यावर सुईही टोचायची नाही. अंगठ्याचा दाब मोजण्याची धडपड यासाठी होती. नाडी दोन बोटांना लागते का नाही यावर वाद झालेला गुण जोखीम सांगायला अनावश्यक ठरला आणि उपचार ठरवायला मात्र निर्णायक.

टेनॉटॉमी झाली. बोट सपाट टेकू लागलं. बूट बदलले: एक माप मोठे, पुढचा भाग खोल, आत पायाच्या मापाचा मऊ तळवा. अशा पादत्राणात दाब मोजण्याची सोय असेल तर धोक्याच्या जागेवरचा चालतानाचा दाब २०० किलोपास्कलच्या खाली किंवा आधीपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी आणायचा, असं उद्दिष्ट धरतात. घरात अनवाणी फिरायचं नाही, मोज्यांवर नुसतं फिरायचं नाही, पायावर रोज क्रीम लावायचं पण बोटांच्या बेचक्यांत नाही, गरम पाण्यात पाय शेकायचे नाहीत. हे सगळं सांगितलं, आणि पत्नीलाही सांगितलं.

थर्मामीटर घरी दिला. याबद्दल उत्साहाने बोलायची पद्धत आहे, म्हणून जरा थांबतो. २००० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या चाचण्यांत रोज तापमान मोजणाऱ्यांत व्रण लक्षणीय कमी झाले होते. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या ३०४ जणांच्या चाचणीत मात्र मोजणाऱ्यांत २९ टक्के आणि नेहमीच्या उपचारांत ३७ टक्के जणांना व्रण झाला, आणि हा फरक योगायोगानेही येऊ शकेल इतका होता. फायदा दिसला तो ज्यांनी गरम जागा सापडल्यावर खरोखर चालणं कमी केलं त्यांच्यात. मला यात आश्चर्य वाटत नाही. थर्मामीटर काही जखम भरत नाही. तो फक्त "आज कमी चाला" म्हणतो, आणि बधिर पायाच्या माणसाला कमी चालण्याचं कारण आतून कधीच मिळत नाही. म्हणून आकडा वाढला तर काय करायचं हे आधीच लिहून दिलं: त्या दिवशी बाहेरची फेरी बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, दोन्ही दिवस २.२ च्या वर असेल तर फोन.

नंतर

सहा आठवड्यांनी दुसऱ्या बोटाचं टोक मऊ, घट्टा जवळपास गेलेला, तापमानातला फरक ०.४. मोतीबिंदू निघाला होता. गृहस्थ आता आरशात तळवे स्वतः बघत होते आणि पत्नीच्या चुका काढत होते.

फाइलवर पोडसचा गुण किती लिहायचा? तीनच. पूर्वीचा व्रण पुसता येत नाही, गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. ज्या जागी जखम होणार होती ती जागा आपण सोडवली, आणि आकडा हललाही नाही. उत्तम काळजी घेतलेला आणि अजिबात न घेतलेला, दोघांचे गुण सारखेच राहतात. म्हणून दर भेटीला हा गुण काढून त्याचा आलेख करण्याला अर्थ नाही. एकदा काढावा, भेटींचं अंतर ठरवावं, आणि नंतर भेटीत पाय बघावा. खालच्या टोकाला मात्र असे नियम फार मोलाचे आहेत. स्कॉटलंडमध्ये ३,५२६ जणांचा सरासरी १.७ वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा कमी जोखमीच्या गटातले ९९.६ टक्के जण व्रणाशिवाय राहिले. त्यांना दर दोन महिन्यांनी बोलावत बसलं तर तिसऱ्या वर्गातल्यांना तारीख कुठून मिळणार?

पाचव्या महिन्यात शेजारच्या तिसऱ्या बोटाच्या टोकावर घट्टा धरू लागला. एका बोटाची कंडरा सोडवली की भार शेजारी सरकतो, हे माहीत असलेलं आहे आणि आधी सांगितलंही होतं. ठिपका नव्हता. तापमानातला फरक १.१ ते १.६ च्या दरम्यान फिरत होता. बूट तपासले, आत खळगा नाही. घट्टा तासून तिसऱ्या बोटाखाली सिलिकॉनचा आधार दिला आणि भेटींमधलं अंतर दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आणलं.

वर्ष झालं तेव्हा व्रण नव्हता. यावरून २९ टक्क्यांचा अंदाज चुकला असं म्हणता येत नाही, आणि आमच्या उपचारांनी तो टळला असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. असं काही विशेष न करताही शंभरातले सत्तर जण दोन वर्षं सुटतात, आणि यांचं अजून एकच वर्ष झालं आहे. तिसऱ्या बोटाचा सांधा हाताने अजून पूर्ण सरळ होतो. घट्टा पुढच्या भेटीलाही तितकाच भरला, किंवा त्यात रंग दिसला, तर तिथेही टेनॉटॉमी करायची, तोवर सिलिकॉन चालू ठेवायचं. अंगठ्याचा दाब त्याआधी पुन्हा मोजायचा आहे, ०.७३ वर्षभरात तिथेच असेल असं गृहीत धरता येत नाही.